चांगली स्मरणशक्ती हेही लक्षण?

स्वमग्न मुलाला अपंगत्वाचे प्रमाणपत्र देताना आपल्याकडे 'इसा' नावाची मोजपट्टी वापरतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेल्या या मोजपट्टीत 40 मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 झाली की मूल स्वमग्न, 153च्या पुढे गेली की तीव्र स्वमग्न. नजरेला नजर न देणे, एकटेच राहणे, ऐकलेले शब्द तसेच परत म्हणणे असे मुद्दे संपत आले की शेवटी दोन येतात : एखाद्या बाबतीत असामान्य स्मरणशक्ती आणि एखाद्या विषयातले विलक्षण कौशल्य. तिथेही जितके जास्त गुण, तितकी स्वमग्नता तीव्र. निदानाच्या दृष्टीने यात गैर काही नाही, कारण अशी कौशल्ये स्वमग्नतेत खरोखरच अधिक दिसतात. पण घरच्यांच्या हाती शेवटी पडते ती टक्केवारी. स्मरणशक्ती कशाची, कौशल्य कोणते, हे त्यातून कळत नाही. ज्या गोष्टीचा आधार घेऊन मुलाला पुढचे शिकवता आले असते, तीच लक्षणांच्या बेरजेत विरून जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यात ही अडचण आणखी जाचते. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा, तालुके 14. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीतून किंवा जामखेडहून जिल्हा रुग्णालयात यायचे म्हणजे पहाटेची एसटी आणि बुडालेला रोज. कलकलाट आणि अनोळखी माणसे ज्याला सोसत नाहीत, अशा मुलाची पारख मग नेमकी गर्दीत होते. ऊसतोडीला जाणाऱ्या पाथर्डी-शेवगावकडच्या कुटुंबांना पुन्हा दाखवायला येणेही हंगामभर जमत नाही. त्यात चाचणी तोंडी प्रश्नांची असेल, तर न बोलणारे मूल सुरुवातीलाच बाद होते.

माणूस तोच ठेवून चाचणी बदलली तर काय होते, हे माँट्रियलच्या संशोधकांनी 2007 साली दाखवले. त्यांच्यातल्या मिशेल डॉसन स्वतः स्वमग्न आहेत. 38 स्वमग्न मुलांना त्यांनी दोन बुद्धिमापन चाचण्या दिल्या. वेक्सलर चाचणीत बरेच काही ऐकून, बोलून उत्तर द्यायचे असते. रेव्हनच्या चाचणीत नक्षीतला गाळलेला तुकडा शोधायचा असतो. समवयस्क 100 मुलांत क्रमांक कितवा, या हिशेबाने तीच मुले दुसऱ्या चाचणीत सरासरी 30 जागा वर गेली. स्वमग्न नसलेल्या मुलांत असा फरक पडला नाही. 2015 साली त्याच शहरात जवळजवळ न बोलणारी 30 स्वमग्न मुले तपासली गेली. वेक्सलर चाचणी त्यांच्यापैकी एकालाही पूर्ण करता आली नाही. चित्रात दडलेला आकार शोधण्याची चाचणी मात्र बहुतेकांनी पूर्ण केली.

घरात हीच क्षमता अगदी साध्या रूपात दिसते. स्वयंपाकघरातली सगळी झाकणे खाली ओढून पोर ती आकाराच्या क्रमाने मांडते, मधले एक काढले की रडते, आणि आई म्हणते, 'पसारा करतो नुसता.' अहिल्यानगरच्या माळीवाडा बसस्टँडवर पाटी बघून एखादे मूल आईला बरोबर आपल्या गाडीकडे ओढत नेते आणि तो हट्ट ठरतो. काही स्वमग्न मुले बोलायच्या आधी वाचू लागतात, हे ठाऊक असेल तर त्या ओढण्याकडे वेगळ्या नजरेने बघता येईल.

यावर रास्त आक्षेप असा, की अजून संडासचे कळत नाही, बटण लावता येत नाही, तिथे झाकणांचे कौतुक काय कामाचे? पण रोजचे काम शिकवायला वाट तिथूनच निघते. तोंडी सांगितलेले निसटते आणि चित्र पक्के बसते, तर नळाशेजारी चार चित्रे क्रमाने लावावीत : नळ सोड, हात भिजव, साबण लाव, धू. दहा वेळा ओरडून जे होत नाही, ते पुष्कळदा अशाने होते.

दुसरा आक्षेप खोट्या आशेचा. मुंबईच्या स्वमग्न जिया रायने 2022 साली पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली. प्रत्येक मूल तसे काही करणार नाही, आणि तशी अपेक्षा लादणे क्रूरपणाचे होईल. अनेक स्वमग्न मुलांना बौद्धिक अक्षमताही असते, ती झाकून चालत नाही. आशेने माणसे फसलीही आहेत. 1990च्या दशकात अमेरिकेत मुलांचा हात धरून त्यांच्याकडून टंकलेखन करवून घेण्याची पद्धत गाजली. मग मुलाला एक चित्र आणि मदतनिसाला दुसरे दाखवून पाहिले, तर उत्तर मदतनिसाला दिसलेल्या चित्राचे आले! म्हणून क्षमता ओळखताना कसोटी कडक हवी. मोठ्यांचा हात, खूण, नजर यांच्याशिवाय मूल ती गोष्ट करते का? आई घरात नसताना करते का? वस्तू बदलल्या तरी जमते का? पंधरा दिवस वहीत हे टिपून तीच वही तपासणीच्या दिवशी डॉक्टरांपुढे आणि नंतर शाळेत बाईंपुढे ठेवावी. प्रमाणपत्रासोबत 'हे मूल विनामदत काय करते' एवढी एक ओळ लिहून द्यायला जिल्हा रुग्णालयाला फार खर्च येणार नाही.