सायकलच्या फ्रेमची वॉरंटी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्रेमची वॉरंटी म्हणजे धातूत किंवा जोडकामात कारखान्यातच दोष राहिला असेल, तर तो दूर करून देण्याचे उत्पादकाचे लेखी वचन होय. फ्रेम किती वर्षे टिकेल, याची ती ग्वाही नसते. हा भेद नजरेआड झाल्यामुळेच दाव्यांविषयीचे बहुतेक गैरसमज निर्माण होतात.

गैरसमज १: ‘आजीवन’ वॉरंटी खरेदीदाराच्या हयातीपर्यंत चालते.

वस्तुस्थिती: ‘आजीवन’ या शब्दाची व्याख्या प्रत्येक वॉरंटीपत्रात वेगळी असते. बहुधा ही वॉरंटी पहिल्या खरेदीदाराकडे सायकल असेपर्यंतच लागू राहते, त्यामुळे दुसऱ्या हाताने घेतलेल्या सायकलीला तिचा लाभ सहसा मिळत नाही. रंग, पुढच्या चाकाचा चिमटा (फोर्क) आणि इतर सुटे भाग यांची मुदत फ्रेमपेक्षा बरीच कमी असू शकते.

गैरसमज २: फ्रेमला तडा गेला, म्हणजे कारखान्याचा दोष सिद्ध झाला.

वस्तुस्थिती: एका झटक्यात फ्रेम मोडण्याइतका नसलेला ताणही लाखो वेळा येत राहिला, तर धातूत सूक्ष्म तडा उत्पन्न होऊन वाढत जातो, यालाच धातूचा थकवा म्हणतात. ताण एका मर्यादेखाली राहिला तर पोलादात असा तडा सहसा पडत नाही, मात्र अॅल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नसते. म्हणून तपासणीत तड्याची जागा बोलकी ठरते. हँडलच्या नळीमागे खालच्या नळीला सुरकुती पडली असेल, तर समोरून धडक बसल्याचा संशय येतो. सीटच्या नळीचे वरचे टोक फाटले असेल, तर सीटचा दांडा त्यावरील मर्यादेच्या खुणेपेक्षा वर ओढला होता का, हे पाहिले जाते. आणि धडकेची कोणतीही खूण नसताना वेल्डिंगच्या कडेने तडा गेला असेल, तर जोडकामातील दोषाची शक्यता बळावते.

गैरसमज ३: तडा आधी वेल्डिंगने सांधून घ्यावा आणि दावा नंतर करावा.

वस्तुस्थिती: अशा दुरुस्तीने वॉरंटी बहुधा रद्द होते आणि तड्याचा पुरावाही वितळून जातो. शिवाय अॅल्युमिनियमच्या ६०६१ या मिश्रधातूला बळकटी उष्णतासंस्काराने येते. वेल्डिंगमुळे जोडालगतचा भाग मऊ पडत असल्याने कारखान्यात संपूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झपाट्याने थंड करतात व पुढे कमी तापमानात काही तास ठेवतात. ही सोय नाक्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात नसते. पोलादी फ्रेम सांधणे त्यामानाने सोपे असले, तरी तेही दाव्याचा निकाल लागल्यानंतरच करावे.

गैरसमज ४: दावा मान्य झाला की नवी सायकल मिळते.

वस्तुस्थिती: वॉरंटी फ्रेमपुरती असल्याने तेवढीच दुरुस्त करून किंवा बदलून मिळते. तेच मॉडेल बंद झाले असल्यास जवळचे दुसरे मॉडेल दिले जाते. मग नव्या फ्रेमला न बसणाऱ्या भागांचा आणि जोडणीच्या मजुरीचा खर्च पुष्कळदा ग्राहकावर पडतो.

गैरसमज ५: कंपनीने नकार दिला की विषय संपला.

वस्तुस्थिती: भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष वस्तूबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाद मागता येते आणि तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येते. वस्तूची दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. फ्रेम मोडून इजा झाल्यास उत्पादन-दायित्वाच्या, म्हणजे सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या, तरतुदीखाली भरपाई मागता येते. मात्र खुद्द फ्रेमचे नुकसान त्या हानीत मोडत नाही, म्हणून त्यासाठी सदोष वस्तूची तक्रार करावी लागते. तक्रारीपूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही मदत मिळते.

या सर्व टप्प्यांवर उपयोगी पडतात ते खरेदीचे बिल, बहुधा पायडलच्या आसाच्या नळीखाली कोरलेला फ्रेम क्रमांक, तड्याची छायाचित्रे आणि नकाराचे लेखी कारण. त्यांहूनही महत्त्वाची असते ती न सांधलेली फ्रेम, कारण दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि तेथे तपासला जातो तो मूळ तडाच.