मणक्यातला कर्करोग : ऑपरेशन की नेमकं रेडिएशन?

कर्करोग पाठीच्या मणक्यात पोचला असं कळलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो : "ऑपरेशन टळेल का? नुसत्या रेडिएशनवर भागेल का?" बऱ्याच वेळा भागतं. पण कधी भागत नाही, हे आज आपण नीट समजून घेणार आहोत. कारण इथे रुग्णाचे पाय पणाला लागलेले असतात.

मणक्यातला कर्करोग बहुतेक वेळा तिथे सुरू झालेला नसतो. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड, थायरॉइड इथला रोग रक्तावाटे हाडात येऊन बसतो. मग मणका पोखरला जातो, दुखतो, कधी खचतो. आणि त्याच्या मागे, अगदी काही मिलिमीटरवर, मज्जारज्जू असतो. गाठ तिकडे सरकली की तो दाबला जातो. पायांतली ताकद जाते, लघवी-संडासवरचा ताबा जातो.

आता रेडिएशनकडे वळू. ज्याला आपल्याकडे लोक 'शेक' म्हणतात, त्या नेहमीच्या पद्धतीत गाठीला आणि मज्जारज्जूला जवळपास सारखाच डोस मिळतो. म्हणजे गाठीला किती द्यायचं, हे मज्जारज्जूला किती सोसेल त्यावर ठरतं. मूत्रपिंडाच्या कर्करोगासारख्या चिवट गाठींना तेवढा डोस पुष्कळदा पुरत नाही.

यावरची कल्पना आली मेंदूच्या उपचारातून. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ती मांडली : अनेक दिशांनी बारीक किरण सोडायचे आणि एकाच जागी मिळवायचे. एकेक झोत सौम्य असतो, पण सगळे जिथे मिळतात तिथे डोस जबर होतो. मेंदूसाठी कवटीला चौकट घट्ट बसवता येते. मणक्याचं तसं नाही. म्हणून मणक्यापर्यंत हे तंत्र यायला १९९०चं दशक उजाडलं, आणि उपचाराच्या टेबलावरच स्कॅन करता यायला लागल्यावर ते पसरलं. आज रुग्णाला साच्यात स्थिर झोपवतात, एमआरआयवर मज्जारज्जू आखून घेतात, आणि एक ते पाच बैठकांत काम संपतं. चिरा नाही, टाके नाहीत. याचं नाव स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन.

मग हे नेहमीच्या शेकापेक्षा सरस आहे का? पुरावा काय सांगतो, बघा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दोन बैठकांत २४ ग्रे नेमकं रेडिएशन दिलं, त्यातल्या ३५ टक्के रुग्णांचं दुखणं तीन महिन्यांनी पूर्ण थांबलेलं होतं. पाच बैठकांत २० ग्रे साधं रेडिएशन घेतलेल्यांत हा आकडा होता १४ टक्के. पण २०२३ साली आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, एकाच बैठकीच्या दोन पद्धतींची तुलना केली तेव्हा, दुखण्यात नेमकं रेडिएशन सरस ठरलं नाही. तेव्हा नवं आणि महाग म्हणून प्रत्येकाला तेच हवं, असं नाही.

शिवाय किरणांना दोन गोष्टी जमत नाहीत.

पहिली, दाब लगेच काढणं. गाठ आकसायला वेळ लागतो आणि दाबलेल्या मज्जारज्जूकडे तेवढा वेळ नसतो. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत मज्जारज्जू दाबला गेलेले १०१ रुग्ण होते. आधी ऑपरेशन आणि मग साधं रेडिएशन मिळालेल्यांपैकी ८४ टक्के उपचारानंतर चालू शकले. फक्त रेडिएशन मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. अपवाद आहेत : लिम्फोमा, मायलोमा यांसारख्या गाठी साध्या रेडिएशननंही लवकर वितळतात.

दुसरी गोष्ट, हाडाला टेकू देणं. किरण गाठ मारतात, खचणारा मणका सावरत नाहीत. उलट जास्त डोसानंतर काही रुग्णांत तो आणखी खचतो. मणका किती डळमळीत आहे हे ठरवायला डॉक्टर १८ गुणांची मोजपट्टी वापरतात. १३ किंवा जास्त गुण म्हणजे मणका अस्थिर. उठता-बसता कळ येते आणि आडवं झालं की थांबते, हे त्याचं एक लक्षण.

गंमत म्हणजे, याच रेडिएशनमुळे ऑपरेशनही लहान झालंय. पूर्वी जमेल तेवढी गाठ काढायचा प्रयत्न असे. आता बऱ्याच ठिकाणी सर्जन मज्जारज्जूभोवती फक्त दोन-तीन मिलिमीटरची मोकळी जागा करतात, स्क्रू आणि सळ्यांनी मणका पक्का करतात, आणि उरलेली गाठ किरणांवर सोपवतात.

म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण चार प्रश्न विचारू या. मज्जारज्जू दाबला गेलाय का? ही गाठ साध्या शेकाला दाद देणारी आहे का? मणका स्थिर आहे का? आणि रुग्णाच्या बाकीच्या तब्येतीला ऑपरेशन झेपेल का? दाब नाही, मणका स्थिर आहे आणि गाठ चिवट आहे, तर नेमकं रेडिएशन हा ऑपरेशनला खरा पर्याय आहे.

शेवटचं, आणि सगळ्यांत कामाचं. उपचार सुरू होताना जो चालत असतो, तो पुढेही चालत राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तेव्हा कर्करोग झालेल्या माणसाची पाठ नव्यानं दुखायला लागली, विशेषतः रात्री, तर मलम चोळत आठवडे घालवू नका. डॉक्टरांना लगेच सांगा. आणि पाय जड पडले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.