४८ मिनिटांसाठी अठरा तास

एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. मुख्य कोचचा घरच्या मैदानावरच्या सामन्याचा दिवस साधारण असा जातो.

सकाळी ७ : समोर लॅपटॉप, त्यावर आजच्या प्रतिस्पर्ध्यांच्या क्लिप. सहकाऱ्यांनी रात्रभर चाळून मोजक्याच ठेवलेल्या असतात. या कामाला कुणी कमी लेखत नाही. मायामी हीटचे एरिक स्पोल्स्ट्रा १९९५मध्ये व्हिडिओ विभागातच लागले, २००८मध्ये मुख्य कोच झाले आणि २०१२, २०१३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांनी मिळवून दिली.

सकाळी ९ : फिजिओ आणि ट्रेनरबरोबर बैठक. कुणाचा घोटा सुजलाय, कुणाला किती मिनिटं खेळवायचं? रात्री मनाशी जुळवलेला संघ बऱ्याचदा इथेच विस्कटतो.

सकाळी १०.३० : शूटअराउंड. यात घाम गाळायचा नसतो, चालत चालत डावपेच बसवायचे असतात. पिक अँड रोलमध्ये प्रतिस्पर्धी आडवा उभा राहिला, तर आपल्या बचावपटूने त्याच्या पुढून जायचं की मागून? चेंडू हातात असलेला खेळाडू लांबून नेम धरणारा असेल तर पुढून. मागून गेलं की त्याला हवी तेवढी उसंत मिळते. पाचांपैकी एकाने वेगळं ठरवलं, तरी बचाव फुटतो.

दुपारी १ : जेवण, जमलीच तर डुलकी.

संध्याकाळी ५.४५ : पत्रकार. उत्तरं मोजूनमापून द्यायची, कारण समोरचा कोचही ती ऐकणार असतो.

संध्याकाळी ७.३० : सामना. १२ मिनिटांचे चार क्वार्टर, दर चढाईला २४ सेकंद. टाइमआउट सात, नेहमीचा ७५ सेकंदांचा. त्यातले पहिले काही सेकंद कोच खेळाडूंकडे वळतही नाही. सहकाऱ्यांशी खलबत करून काय सांगायचं ते ठरवतो, मग पाटीवर एकच चाल काढतो. दमलेल्या माणसाला तीन गोष्टी सांगितल्या तर एकही ध्यानात राहत नाही. पंचांचा निर्णय पटला नाही, तर टाइमआउट घेऊन तर्जनी हवेत गोल फिरवत त्याला आव्हान द्यायचं. आव्हान फसलं की टाइमआउटही गेला. म्हणून बोट उचलण्याआधी रिप्ले पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे नजर टाकायची.

रात्री १०.१५ : पुन्हा पत्रकार. हरलो तर दोष आपल्याकडे, जिंकलो तर श्रेय पोरांना.

रात्री १ : उद्या परगावी सामना असेल तर विमानात, नाहीतर घरी. हातात पुन्हा क्लिप.

एवढं करून नोकरीची हमी? निक नर्स यांनी टोरांटोला २०१९मध्ये, फ्रँक व्होगेल यांनी लेकर्सना २०२०मध्ये, माइक ब्युडेनहोल्झर यांनी मिलवॉकीला २०२१मध्ये आणि मायकेल मलोन यांनी डेन्व्हरला २०२३मध्ये विजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर चार वर्षांच्या आत त्याच संघांनी या चौघांनाही घरी बसवलं. मलोन यांना तर एप्रिल २०२५मध्ये, साखळीतले तीनच सामने उरलेले असताना.