मोकळी जागा मोकळीच हवी

किल्लारीचा भूकंप तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. 30 सप्टेंबर 1993 हा तो दिवस. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. बोळ अरुंद, तेही दगडांनी भरून गेले. तेव्हापासून जो तो म्हणतो, भूकंप झाला की मोकळ्या जागेत जावे.

खरे आहे. पण ती जागा कशी असावी? त्यासाठी जपानातली हकिकत ऐका.

टोकियो ही जपानची राजधानी. 1 सप्टेंबर 1923 रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना तिथे मोठा भूकंप झाला. स्वयंपाकाची वेळ, चुली पेटलेल्या. घरे लाकडाची आणि वारा जोराचा. जागोजागी आगी लागल्या.

होंजो भागात लष्कराच्या जुन्या कपडे-कोठाराची 16-17 एकर जागा रिकामी पडली होती. लोकांना वाटले, इथे आपण वाचलो. हजारो माणसे आली. पण नुसती आली नाहीत बरे का! गाद्या, पेट्या, कपाटे, हातगाड्या, घरात होते नव्हते ते घेऊन आली. मैदान गच्च भरले. चारच्या सुमारास आगीची वावटळ उठली. ठिणग्या पडून सामान पेटले. पळायला वाट कुठली? त्या एका मैदानात सुमारे 38,000 माणसे गेली.

नदीच्या त्याच काठाला एका धनिकाची बाग होती. झाडे दाट, मध्ये मोठे तळे. तिथे शिरलेले सुमारे 20,000 लोक वाचले.

पुढे टोकियोत प्राथमिक शाळांना लागून 52 लहान बागा केल्या. मला हे फार पटते. शाळेची वाट लहान पोरालाही अंधारात सापडते.

आता आपल्या शाळेचे पटांगण पाहा. सुगी झाली की तिथे कडब्याच्या गंजी लागतात. फाटकात मोडकी गाडी उभी. मी हेडमास्तर असताना यावरून पुष्कळ वाद घातला. “गुरुजी, दोन महिन्यांचा तर प्रश्न!” असे मला सांगत. ते दोन महिने कधी संपलेच नाहीत.

गंजी गावाबाहेर खळ्याकडे रचावी. फाटक मोकळे ठेवावे. कडेने झाडे लावावी, विहिरीवर दोर-बादली असावी. आणि वेळ आलीच तर लेकरे, म्हातारी माणसे यांना हाताला धरून निघावे. पेटी घरातच राहू द्यावी.