जबडा दुखतो, की उघडतच नाही?

कानात ठणकते म्हणून थेंब घातले, थेंबाने काही झाले नाही. मग दाढ काढली, तरी दुखणे होते तिथेच. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जबड्याच्या सांध्याचे दुखणे अनेकदा असे दारोदार फिरून येते. शेवटी कुणी फिजिओथेरपीचे नाव काढतो आणि तिथे कळते की ‘चुंबकाची मशीन’ आहे, ती लावून बघा. पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड थेरपी हे तिचे पूर्ण नाव. कुणाला वाटते तिचा करंट लागेल, कुणाला वाटते दहा मिनिटांत जबडा मोकळा होईल. या मशीनला आधाराचा उपचार म्हणून छोटीशी जागा आहे. पण आपल्या दोन जिल्ह्यांत मशीनच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: जबडा दुखतो आहे, की तोंडच उघडत नाही?

आधी सांधा कुठे आहे ते पाहू. कानाच्या छिद्रापुढे दोन्ही बाजूंना बोटे ठेवा आणि तोंड उघड-मीट करा. बोटाखाली जे सरकते तेच जबड्याचे सांधे. खालच्या जबड्याचे टोक आणि कवटीचे हाड यांच्यामध्ये मऊ चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी जागच्या जागी फिरते, मग पुढे सरकते. सांधा कानाला इतका चिकटून असल्याने त्याचे दुखणे कानाचे वाटते. दात आवळून धरायची सवय, सतत चघळणे, मनावरचा ताण, संधिवात यांनी तो किंवा त्याभोवतीचे स्नायू दुखू लागतात.

‘कट्‌कन आवाज आला म्हणजे जबडा निखळला,’ ही भीती बरेच जण बाळगून असतात. चकती जरा मागेपुढे सरकली की असा आवाज होतो. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही.

आता खर्रा. हा विषय टाळून या भागात जबड्यावर लिहिणे म्हणजे वाचकाची फसवणूक होईल. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिला जातो आणि तो रोवणीच्या बांधीपासून सरकारी कचेरीपर्यंत सगळीकडे गालात असतो. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र घोटला जातच राहिला. तासन्‌तास चघळल्याने जबड्याचे स्नायू थकतात, दुखतात, हा त्याचा लहान दोष. मोठा दोष सुपारीतला आहे. तिच्यातल्या अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या अस्तरात तंतू साचत जातात, आणि सुपारीतले तांबे ते तंतू पक्के करते. अस्तर पांढुरके पडते, लवचिकपणा जातो आणि गालात बोट फिरवले तर सुतळीसारखे ताठ पट्टे लागतात. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात.

त्याची सुरुवात दुखण्याने होत नाही, आणि फसगत तिथेच होते. आधी तिखट भाजी झोंबू लागते, साधा ठेचाही खाववत नाही. मग जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही. मग घास लहान करावा लागतो. मोठ्या माणसाचे तोंड साधारण 35 ते 55 मिलिमीटर उघडते. घरच्या घरी बघायचे तर आपलीच मधली तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घाला. तीन बसली तर बहुधा ठीक. दोनच बसत असतील तर दंतवैद्याला दाखवायला उशीर करू नका.

‘मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो,’ हे समाधानही खोटे आहे. हा आजार होण्यासाठी सुपारी एकटी पुरेशी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. फायब्रोसिस झालेल्यांपैकी काहींच्या तोंडात पुढे कर्करोग होतो. म्हणून ‘तोंड उघडत नाही ना, मशीन लावा, उघडेल,’ हा गैरसमज सगळ्यांत घातक आहे. चुंबकीय लहरींनी हे तंतू विरघळतात असे कुठेही सिद्ध झालेले नाही. इथे खर्रा थांबवणे, तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात द्यायची इंजेक्शने आणि वेळ पडली तर शस्त्रक्रिया हाच मार्ग आहे. तरीही झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही, ते वाढू न देणे हेच पुष्कळ. खर्रा एकट्याने सुटत नसेल, तर गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाची व्यसनमुक्ती क्लिनिके तालुक्याच्या ठिकाणी आहेत.

तोंड नीट उघडते, गाल मऊ आहेत, पण सांधा किंवा स्नायू दुखतो, अशा माणसासाठी मशीनचा विचार करता येतो. तारेच्या वेटोळ्यातून वीज थांबून थांबून सोडतात. त्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यातून शरीरात अगदी क्षीण विद्युतप्रवाह उमटतो. झटका बसत नाही, भाजत नाही, आणि क्ष-किरणांशी याचा संबंध नाही. बाजारात मिळणाऱ्या चुंबकाच्या कड्याशीही नाही, कारण त्याचे क्षेत्र बदलत नाही. ही कल्पना भोंदूपणातून आलेली नाही. 1957 मध्ये जपानच्या फुकाडा आणि यासुदा यांनी दाब पडल्यावर हाडात वीज निर्माण होते हे दाखवले. पुढे 1979 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा उपकरणाला मान्यता दिली.

पण हाड जुळण्यासाठी मिळालेली मान्यता जबड्याच्या दुखण्याला आपोआप लागू होत नाही. जबड्यावर झालेल्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत दुखणे उतरले. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत मात्र खरी मशीन आणि बंद मशीन यांची तुलना केली, तेव्हा खऱ्या मशीनचा वेगळा असा फायदा दिसला नाही. हे दुखणे मुळातच चढते-उतरते असते. चढले असताना मशीन लावली आणि ते आपणहून उतरले, तर श्रेय मशीनला जाते. 2023 मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी जुनाट दुखण्यासाठी पुढे ठेवले ते देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम, मालिश, आणि दुखण्याकडे बघण्याची सवय बदलणारे समुपदेशन. मऊ जेवण, गरम शेक, आणि दिवसभर ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवणे याला पैसाही लागत नाही. सिरोंच्याहून किंवा भामरागडहून रोज मशीनसाठी येण्यात मजुरी बुडत असेल, तर व्यायाम नीट शिकून घरी जाणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

‘चुंबक आहे, अपाय तर नाही,’ हेही अर्धेच खरे. हृदयात पेसमेकर किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट असलेल्यांनी ही मशीन लावून घेऊ नये. गरोदरपणात आणि त्या जागी गाठ किंवा कर्करोगाची शंका असताना ती टाळतात. बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, एकाच कानात येणारी कळ यांपैकी काही दिसले तर आधी तपासणी, गरज पडल्यास तुकडा काढून.

दोन गोष्टींत तर एक तासही थांबू नये. काटा, कुऱ्हाड किंवा विळा लागून जखम झाल्यावर काही दिवसांनी जबडा आवळू लागला, मान ताठली, तर धनुर्वात असू शकतो. आणि चालताना किंवा ओझे उचलताना जबडा दुखतो, सोबत छाती दडपते, घाम फुटतो, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. दोन्ही वेळा थेट दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी मशीन घ्यायची ठरवलीच, तर पहिल्याच दिवशी तोंड किती मिलिमीटर उघडते ते पट्टीने मोजून कागदावर लिहून मागा. सोबत व्यायाम शिकून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा घटत चालला असेल, तर ठरलेले पुढचे सत्र रद्द करून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे गाल आतून तपासून घ्या.