शंभर लेणी, तीनशे जागा आणि एक कॅमेरा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी तुमच्यापैकी अनेकांनी सहलीच्या निमित्ताने पाहिली असतील. काळ्या पाषाणाच्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. 3 क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. अनेक लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत आणि 90 क्रमांकाच्या लेण्यात तर इराणातून आलेल्या प्रवाशांनी कोरलेले पहलवी लेखही आहेत. दर पावसाळ्यात पाणी खडकात मुरते आणि कोरीव अक्षरांच्या कडा हळूहळू झिजतात. म्हणून आज ती जशी दिसतात तशी त्यांची संपूर्ण नोंद करून ठेवणे महत्त्वाचे आहे.

साध्या छायाचित्रात एका दिशेचेच दृश्य येते. पॅनोरमात मात्र चहूंबाजूंचे 360 अंश आणि छतापासून जमिनीपर्यंतचे 180 अंश येतात. पुढे कोणीही संगणकाच्या पडद्यावर त्या जागी उभे राहून हवे तिकडे मान वळवून पाहावे, तसे ते चित्र पाहू शकतो. एक पॅनोरमा घेणे फारसे कठीण नाही. पण समजा, शंभर लेण्यांत प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण तीनशे जागांवरून पॅनोरमा घ्यायचे आहेत, आणि तेही थोड्या दिवसांत. मग कोणता कॅमेरा, कोणते भिंग, कोणता स्टँड घ्यावा? दुकानात जाऊन सर्वांत महाग वस्तू उचलणे हे याचे उत्तर नव्हे. उत्तर कागद-पेन्सिलीने निघते. चला, ते आपण काढून पाहू.

किती चित्रे लागतील?

कॅमेऱ्यातील प्रकाश-संवेदक 36 मिलिमीटर लांब आणि 24 मिलिमीटर रुंद आहे असे धरू. भिंगाचे नाभीय अंतर 24 मिलिमीटर आहे आणि कॅमेरा उभा धरला आहे. दहावीच्या त्रिकोणमितीने हिशेब केला, तर एका चित्रात आडवे सुमारे 53 अंश आणि उभे सुमारे 74 अंश मावतात.

शेजारशेजारची चित्रे संगणकाने जोडायची, तर दोन्ही चित्रांत काही भाग सारखा असावा लागतो. तो सुमारे तीस टक्के ठेवू. मग प्रत्येक चित्रात नवे असे 37 अंशच मिळतात आणि एका फेरीला 10 चित्रे लागतात. वर आणि खाली अशा दोन फेऱ्या, शिवाय एक चित्र थेट छताचे आणि एक थेट जमिनीचे, एकूण 22.

आता दुसरे भिंग घेऊ. मत्स्यनेत्री भिंगात एकाच वेळी 180 अंशांचे दृश्य मावते. 8 मिलिमीटरचे असे भिंग असेल, तर चार दिशांना चार चित्रे घेतली की काम झाले. कुठे 22 आणि कुठे 4!

लेण्यात आणखी एक अडचण असते. आत अंधार आणि दारात लख्ख ऊन. दोन्ही एकाच चित्रात नीट येत नाहीत. म्हणून प्रत्येक दिशेला शटर कमी, मध्यम आणि जास्त वेळ उघडून तीन चित्रे घ्यावी लागतात. तेव्हा पहिल्या भिंगाने एका जागेसाठी 66 चित्रे होतील आणि दुसऱ्याने 12. तीनशे जागांचा हिशेब केला तर 19,800 विरुद्ध 3,600.

मग कमी चित्रांचेच भिंग का घेऊ नये?

कारण प्रत्येक भिंग सारखा तपशील देत नाही. 6,000 × 4,000 पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटरचे भिंग प्रत्येक अंशाला सुमारे 70 पिक्सेल देते. मत्स्यनेत्री भिंगात तेवढ्याच संवेदकावर अर्धे जग कोंबलेले असते. तेथे अंशाला सुमारे 21 पिक्सेलच मिळतात.

याचा अर्थ काय? चार मीटर अंतरावरील भिंतीवर एक अंश म्हणजे सुमारे 7 सेंटिमीटर. पहिल्या भिंगात एक पिक्सेल भिंतीवरचा एक मिलिमीटर टिपतो आणि दुसऱ्यात सव्वातीन मिलिमीटर. लेखातील अक्षराची रेघ चार मिलिमीटर रुंद असेल, तर पहिल्या चित्रात ती चार पिक्सेलची दिसेल आणि वाचता येईल. दुसऱ्या चित्रात ती जेमतेम एका पिक्सेलची होऊन खडकाच्या खडबडीतपणात हरवून जाईल. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू शकतो. म्हणून अंशाला 60 पिक्सेल म्हणजे 'डोळ्याने दिसेल तितके' असे मोटे माप धरता येते.

तेव्हा पहिला प्रश्न हा: या चित्रातून पुढे कोणाला काय वाचायचे आहे?

वेळ कोठे जातो?

आता घड्याळ लावू. समजा, एका दिशेची तीन चित्रे घेऊन कॅमेरा फिरवायला 10 सेकंद लागतात. ट्रायपॉड उचलून नव्या जागी मांडायला आणि पाणसळीने समतल करायला 3 मिनिटे लागतात.

24 मिलिमीटरचे भिंग: 22 × 10 = 220 सेकंद, अधिक 180 सेकंद; एका जागेला 400 सेकंद. तीनशे जागांना 33 तास 20 मिनिटे.

मत्स्यनेत्री भिंग: 4 × 10 = 40 सेकंद, अधिक 180 सेकंद; एका जागेला 220 सेकंद. तीनशे जागांना 18 तास 20 मिनिटे.

येथे थोडे थांबा आणि आकड्यांकडे पाहा. चित्रे साडेपाच पटीने कमी झाली, पण वेळ निम्म्यावरही आला नाही! कारण आता वेळ चित्रे घेण्यात जात नसून ट्रायपॉड मांडण्यात जात आहे. याहून वेगवान कॅमेरा आणून काही उपयोग नाही. बदलायचा असेल तर स्टँड बदलला पाहिजे.

पाठीला पाठ लावलेली दोन मत्स्यनेत्री भिंगे असलेले छोटे कॅमेरे आता मिळतात. ते एका क्षणात सर्व दिशांचे चित्र घेतात. कॅमेरा किती कलला आहे हे आतील संवेदक नोंदवतो आणि क्षितिज नंतर सरळ करता येते. त्यामुळे समतल करण्याची गरज उरत नाही; एका दांड्यावर बसवून टेकवला की पुरे. नव्या जागी जायला एक मिनिट आणि तीन चित्रांना 10 सेकंद धरले, तर तीनशे जागा 5 तास 50 मिनिटांत होतात. पायऱ्या चढण्या-उतरण्याचा वेळ मात्र प्रत्येक पद्धतीत वेगळा धरावा लागेल.

स्टँडच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्टही ध्यानात ठेवा. कान्हेरी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रक्षणाखालील स्मारक आहे. अशा ठिकाणी ट्रायपॉड वापरण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. तिच्यासाठी लागणारे दिवसही आपल्या हिशेबात धरलेच पाहिजेत.

जवळचा खांब आणि दूरची भिंत

एक डोळा मिटून हाताचे बोट नाकासमोर धरा. मग तो डोळा उघडून दुसरा मिटा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. पाहण्याची जागा बदलल्यामुळे होणाऱ्या या सरकण्याला पराशय म्हणतात. पॅनोरमा जोडताना हाच सर्वांत मोठा शत्रू असतो.

एक कॅमेरा फिरवून चित्रे घेताना तो भिंगाच्या प्रवेशछिद्रातून जाणाऱ्या अक्षाभोवती फिरला, तर पराशय होत नाही. कॅमेरा थोडा मागे सरकवून बसवता येईल असे पॅनोरमाचे खास डोके ट्रायपॉडवर लावतात ते याचसाठी. पण दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात दोन्ही भिंगे एकाच बिंदूवर असणे शक्यच नाही. त्यांच्यात 3 सेंटिमीटर अंतर असेल, तर जोडाच्या रेषेवर आलेला एक मीटरवरचा खांब दूरच्या भिंतीच्या तुलनेत 1.7 अंशांनी सरकतो. असा कॅमेरा साधारण 6,700 पिक्सेल रुंदीचा पॅनोरमा देत असेल, तर अंशाला 19 पिक्सेल होतात आणि खांब 30 हून अधिक पिक्सेलने तुटलेला दिसतो. तोच खांब दहा मीटरवर असेल, तर तूट फक्त तीन पिक्सेलची. यावरून नियम असा निघतो, की हा कॅमेरा खांबाला चिकटून ठेवू नये; आणि ठेवणे भागच असेल, तर खांब भिंगाच्या समोर घ्यावा, जोडावर येऊ देऊ नये.

चालत्या गाडीवरून

लेणी जागची हलत नाहीत. पण गावेच्या गावे टिपायची असतील तर? हे काम उपनगरांच्या ओळखीचे आहे. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीतील जेनेसिस इंटरनॅशनल या कंपनीने 2013 साली 'वोनोबो' या नावाने भारतीय शहरांतील रस्त्यांचे पॅनोरमा लोकांसाठी खुले केले. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे रस्त्यांचे सर्वेक्षण भारतीय संस्थांनीच करायचे असते. म्हणून जुलै 2022 मध्ये गूगलने आपली 'स्ट्रीट व्ह्यू' सेवा मुंबईसह दहा शहरांत सुरू केली, तेव्हा चित्रे जेनेसिस आणि टेक महिंद्र यांच्याकडून घेतली.

येथे हिशेब बदलतो. गाडी ताशी 36 किलोमीटरने धावत असेल, तर ती सेकंदाला 10 मीटर जाते. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात गाडी 10 सेंटिमीटर सरकते आणि दुकानांच्या पाट्या पुसट होतात. हजारावा भाग ठेवला, तर एकच सेंटिमीटर. म्हणून भरपूर उजेड आणि उजेडाला संवेदनशील असा संवेदक हवा. सर्व भिंगांची शटरे एकाच क्षणी उघडली पाहिजेत. एक जरी दशांश सेकंद मागे राहिले, तरी गाडी एक मीटर पुढे गेलेली असते. कॅमेरा एक-एक करून फिरवण्याचा तर येथे प्रश्नच नाही.

चित्र कधी घ्यायचे हेही ठरवावे लागते. दर सेकंदाला घेतले, तर घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावरील कोंडीत त्याच बसची शेकडो चित्रे जमतील, आणि मुलुंडच्या मोकळ्या रस्त्यावर मधली घरे सुटतील. म्हणून चित्र वेळेवर नव्हे, अंतरावर घ्यावे: चाकाच्या फेऱ्या मोजून किंवा उपग्रहांच्या संदेशावरून. दर पाच मीटरला एक, म्हणजे दहा किलोमीटरला 2,000 पॅनोरमा. जेथे गाडी शिरत नाही तेथे पाठीवर वाहायचे यंत्र लागते. गूगलने भारतातील स्मारकांसाठी वापरलेल्या अशा यंत्रात 15 भिंगे होती आणि त्याचे वजन सुमारे 18 किलोग्रॅम होते.

निवड

आता कान्हेरीकडे वळू. तीनशेही जागा दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घ्याव्यात. त्यांपैकी जेथे लेख किंवा बारीक कोरीव काम आहे अशा, समजा, वीस जागांवर ट्रायपॉड मांडून 24 मिलिमीटरच्या भिंगाने पुन्हा सावकाश काम करावे. वीस जागांना 2 तास 13 मिनिटे लागतील. एकूण सुमारे आठ तास, म्हणजे दोन दिवसांचे आटोपशीर काम. 33 तासांचे काम आठ तासांत झाले आणि एकही लेख वाचण्याजोगा राहिला नाही असे झाले नाही.

तुमच्या शाळेच्या इमारतीचा असा आराखडा वर्गात करून पाहा. जागा मोजा, सर्वांत बारीक कोणती अक्षरे वाचता आली पाहिजेत ते ठरवा, सर्वांत जवळची वस्तू किती अंतरावर आहे ते पट्टीने मोजा आणि एका जागेला लागणारा वेळ घड्याळाने घ्या. हे चार आकडे हाती आले, की कोणते यंत्र हवे ते तुम्हांला कोणा विक्रेत्याला विचारावे लागणार नाही.