बळाचे प्रकार आणि तालमीतील मेहनत

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या भागातील अनेक गावांतून मारुतीच्या देवळाजवळ तालीम उभी आहे. बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा कुस्तीशौकिनांना सुपरिचित आहे, तर निपाणीकरांना कोल्हापूरचे खासबाग मैदान फारसे दूर नाही. बेळगावातच मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे सैन्यभरतीची आस धरून पहाटे धावण्याचा सराव करणारे तरुणही या परिसरात पुष्कळ आढळतात. मल्ल आणि भरतीचा उमेदवार हे दोघेही बळ कमावीत असतात. परंतु दोघांचे बळ एकाच जातीचे नसते. शेकडो बैठका सहज मारणारा तरुण भरतीच्या बीमवर चार-पाच वेळा अंग ओढताच थकून लोंबकळू लागतो, तेव्हा त्याची मेहनत कमी पडलेली नसते. ती वेगळ्या कामी लागलेली असते.

जास्तीत जास्त भार एकदाच उचलण्याची ताकद हे कमाल बळ होय. जत्रेत दगडी गुंडी खांद्यावर घेणाऱ्या गड्याजवळ ते असते. तोच जोर निमिषार्धात प्रकट करावा लागला, की त्यास स्फोटक बळ म्हणावे. प्रतिस्पर्ध्याचा पट काढताना किंवा भरतीच्या चाचणीत नऊ फुटी खंदक ओलांडताना ते उपयोगी पडते. निपाणीच्या तंबाखू बाजारात दिवसभर बोदांची चढउतार करणाऱ्या हमालाचे बळ तिसऱ्या जातीचे असते. तो एका वेळी फार मोठा भार उचलतो असे नाही. पण तीच हालचाल शेकडो वेळा करूनही तो थकत नाही. याखेरीज हालचाल न करता धरून ठेवण्याचे बळ निराळेच. मनगटाची पकड, मानेचा ताठा आणि वरच्या मल्लाचा भार सोसत जमिनीला चिकटून राहणे ही सर्व त्याची उदाहरणे होत.

या भेदाचे मूळ स्नायूंच्या घडणीत आहे. स्नायू असंख्य तंतूंचा बनलेला असतो. काही तंतू मंद गतीने आकसतात, पण दीर्घकाळ थकत नाहीत. काही झटक्यात जोर लावतात, पण लवकर दमतात. हलक्या कामास मेंदू प्रथम मंद तंतूंना जुंपतो आणि भार वाढेल तसा जलद तंतूंना साद घालतो.

नव्याने तालमीत येणाऱ्या मुलांची पहिल्या महिन्यात निराशा होते, कारण दंडाचा घेर वाढलेला दिसत नाही. वस्तुतः त्याच काळात मोठे काम चाललेले असते. अधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावण्यास मज्जासंस्था शिकत असते, आणि म्हणून स्नायू जाड न होताही जोर वाढतो. स्नायूंची जाडी डोळ्यांत भरावयास सामान्यतः दोन-तीन महिने लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे त्याहूनही सावकाश बळकट होतात. दंड तयार झाले म्हणून भार एकदम वाढविणाऱ्याचे कोपर किंवा खांदा दुखावतो तो यामुळेच. जाणता वस्ताद जोर-बैठकांची संख्या थोडी थोडी वाढवितो. त्याला कंडऱ्यांचे शास्त्र कोणी शिकविलेले नसते, इतकेच.

हा धीर सुटला म्हणजे काही तरुण सुईकडे वळतात. अंगावर मांस चढविणाऱ्या संप्रेरकांची इंजेक्शने वैद्यकीय सल्ल्याविना घेतल्यास हृदय व यकृत यांस अपाय होतो, आणि पुरुषाच्या शरीरातील त्याच संप्रेरकाची नैसर्गिक निर्मिती मंदावते. खुराकाची परंपरा याहून कितीतरी शहाणपणाची होती. मात्र तूप-बदामांची कीर्ती थोडी अवास्तव आहे. स्नायूंच्या बांधणीस मुख्यतः प्रथिने लागतात आणि ती दूध, डाळी, अंडी व शेंगदाणे यांतून पुरेशी मिळू शकतात. ही बांधणी मेहनतीच्या वेळी होत नाही, ती नंतरच्या विश्रांतीत होते. म्हणून झोप हाही खुराकच समजावा.

शरीर जे काम मागावे तेच शिकते, याची साक्ष खाशाबा जाधव यांच्या कारकीर्दीत मिळते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल लाल मातीत तयार झाला होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटच्या कुस्तीचा पुरेसा सराव नसतानाही त्याने सहावा क्रमांक मिळविला, आणि पुढील चार वर्षांच्या तयारीनंतर १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बॅंटमवेट गटात कांस्यपदक पटकाविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मातीत पाय रुततो आणि पारंपरिक कुस्ती चितपट होईपर्यंत चालू शकते. मॅटवर गती अधिक आणि वेळ मोजका. आज तेथे तीन-तीन मिनिटांचे दोनच डाव असतात. तेथे स्फोटक बळाला महत्त्व येते.

भरतीच्या उमेदवाराने यावरून आपला सराव ठरवावा. बीमवर दहा वेळा अंग ओढावयाचे असेल, तर केवळ जोर मारून भागत नाही, कारण जोरात ढकलणारे स्नायू राबतात आणि बीमवर ओढणारे. ज्याला एकदाही वर जाता येत नाही, त्याने स्टुलावर चढून हनुवटी बीमवर आणावी व तेथून सावकाश खाली उतरावे. भार आवरत खाली येताना स्नायू वर ओढताना लावतात त्यापेक्षा अधिक जोर सोसू शकतात, त्यामुळे ओढण्याचे बळ लवकर येते. या सरावानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते. ते स्वाभाविक आहे. सांध्यात तीव्र कळ आली तर मात्र थांबावे. शाळेतील लहान मुलांना दोरखंड, मल्लखांब आणि स्वतःच्या वजनाचे व्यायाम देणे शिक्षकांस सोयीचे ठरते.

शेतीच्या घाईच्या दिवसांत तालीम सुटते. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने बळ फारसे ओसरत नाही. दम मात्र लवकर कमी होतो. त्यामुळे पुन्हा हौद्यात उतरताना पहिले काही दिवस नेहमीच्या निम्मी मेहनत आणि लहान लढती ठेवणे पुरेसे असते.